नवा फ्लॅट असो की रिसेल: ताब्याआधी घर तपासून घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात फ्लॅट, रो-हाउस किंवा बंगला विकत घेणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. टायटल, सर्च रिपोर्ट, थकबाकी हे वकिलाचे काम. ते करून घ्याच. इथला विषय आहे भिंती, पाणी, वीज आणि सळया.

घराची तपासणी म्हणजे नेमके काय?

जाणकार माणसाने फ्लॅटमध्ये तीन-चार तास घालवून प्लास्टर, फरशी, बाथरूमचे उतार, नळजोडण्या, वायरिंग, दारे-खिडक्या, ओल आणि कार्पेट एरिया तपासायचा आणि प्रत्येक दोषाचा फोटो व नेमकी जागा लिहून अहवाल द्यायचा. नव्या फ्लॅटच्या बाबतीत याला स्नॅगिंग म्हणतात. यात तोडफोड नसते. त्यामुळे टाइलखालचे वॉटरप्रूफिंग, भिंतीतले पाइप, पाया यांच्याबद्दल तपासणारा फक्त बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरून बोलू शकतो. स्ट्रक्चरल ऑडिट ही वेगळी गोष्ट आहे. ते अख्ख्या इमारतीचे असते आणि सोसायटी करून घेते.

बँकेचा माणूस येऊन गेला की. मग पुन्हा तपासणी कशाला?

तो व्हॅल्युअर. कर्ज बुडाले तर या फ्लॅटचे किती पैसे येतील, एवढेच त्याला बघायचे असते. पंधरा-वीस मिनिटांत तो मोजमाप घेतो, चार फोटो काढतो, आजूबाजूचे भाव विचारतो. बेडरूमच्या टाइल्स पोकळ आहेत का, हा त्याचा प्रश्नच नाही. कर्ज मंजूर झाले म्हणजे घर चांगले आहे, असा अर्थ काढू नका.

ओसी आली आहे. महापालिकेने तपासल्याशिवाय दिली असेल का?

भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहायला वापरता येईल, एवढेच ती सांगते. ती हवीच. ओसी नसलेल्या इमारतीत ताबा घेणे म्हणजे पाणी, कर आणि पुढची विक्री या सगळ्यांत अडचण ओढवून घेणे. पण मास्टर बाथरूमचा उतार दरवाज्याकडे आहे की जाळीकडे, हे ओसीत लिहिलेले नसते.

तपासणी कोणाकडून करून घ्यावी? परवाना असतो का?

घर तपासनीस असा स्वतंत्र परवाना आपल्याकडे नाही. कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून चार गोष्टी विचारा. सिव्हिल इंजिनिअर प्रत्यक्ष साइटवर येणार का, की फक्त अहवालावर सही करणार? जुना एखादा अहवाल, नाव झाकून, दाखवतील का? दोष दुरुस्त झाल्यावरची फेरतपासणी फीमध्ये धरली आहे का, की तिचे वेगळे पैसे? आणि सगळ्यात महत्त्वाचे: हीच मंडळी वॉटरप्रूफिंग किंवा इंटिरिअरचे कामही घेतात का? घेत असतील तर दुसरे कोणी पाहा. औषधाचे दुकान चालवणाऱ्याकडून रोगनिदान करून घेण्यासारखे ते होते.

फी बहुतेक ठिकाणी कार्पेट एरियावर, चौरस फुटामागे ठरते आणि वर १८ टक्के जीएसटी असतो. टू बीएचकेला दोन माणसे तीन ते चार तास लागतात. कोणी तासाभरात उरकून निघाला, तर त्याने सॉकेट आणि टाइल्स एकेक करून पाहिलेल्या नाहीत हे नक्की.

तपासणी कधी करायची?

नव्या फ्लॅटमध्ये: ओसी आल्यावर, ताब्याचे पत्र हातात पडल्यावर, पण शेवटचा हप्ता आणि ताबा पावतीवरची सही यांच्या आधी. महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) आदर्श करारनाम्यात शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी द्यायचे असतात. तुमच्या हातात तेवढाच दोर उरलेला असतो. मात्र हप्ता उगाच रोखून धरू नका; उशिरावर व्याज लागते. ‘तयार आहे’ अशी लेखी सूचना आल्यापासून १५ दिवसांत ताबा घ्यावा, असे आदर्श करारनाम्यात आहे आणि ओसीनंतर दोन महिन्यांत ताबा घेणे रेरा कायद्याच्या कलम १९(१०) प्रमाणे ग्राहकाचे कर्तव्य आहे. म्हणून पत्र आल्याच्या आठवड्यात तपासणी उरका.

रिसेलमध्ये: टोकन आणि नोंदणीकृत करारनामा यांच्या मधल्या काळात. टोकनच्या पावतीवरच ‘तपासणी अहवाल समाधानकारक असल्यास’ अशी ओळ घालून घेतली तर पुढचे वाद वाचतात.

ऋतूही पाहा. रिसेलचा फ्लॅट जुलै-ऑगस्टमध्ये पाहायला मिळाला तर सोने. मे महिन्यात ताज्या रंगाच्या भिंती पाहून भाव ठरवणारे सप्टेंबरमध्ये वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर शोधतात.

बिल्डर म्हणतो, बाहेरचा इंजिनिअर चालणार नाही.

आपल्या खर्चाने आपल्यासोबत जाणकार आणण्यात बेकायदा काही नाही. तोंडी वाद घालत बसू नका. ईमेल करा: ‘अमुक तारखेला माझ्या प्रतिनिधीसह फ्लॅट पाहायचा आहे, वीज आणि पाणी सुरू ठेवावे.’ नकार दिला तर तोही लेखी मागा. लेखी नकार द्यायला सहसा कोणी तयार होत नाही. वीज-पाणी सुरू ठेवण्याचे ईमेलमध्ये न विसरता लिहा: ते नसताना केलेली तपासणी निम्मीच.

इंजिनिअर न बोलावता स्वतः तपासता येईल का?

बरेचसे येईल. दिवसाउजेडी जा आणि सोबत हे घ्या: पाच मीटरचा टेप (लेझर मीटर असेल तर उत्तम), दोन फुटी स्पिरिट लेव्हल, टाइल ठोकायला लाकडी हातोडी किंवा जाड नाणे, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर, बॅटरी, बादली, खडू, पेन्सिल, मास्किंग टेप, मोबाइल चार्जर, विक्री कराराला जोडलेला नकाशा आणि सुविधांची यादी. शेवटच्या दोन गोष्टी लोक विसरतात. करारात जग्वारचे नळ लिहिले आहेत की ‘नामांकित कंपनीचे किंवा समतुल्य’, हे तिथे उभे राहून वाचावे लागते.

भिंत पाहताना बॅटरी समोरून मारू नका. भिंतीला चिकटवून तिरपी मारा. फुगवटे, पट्ट्यांनी भरलेल्या भेगा आणि पुट्टीचे ठिगळ लगेच उठून दिसते.

सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवावा?

पाण्यावर. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा तिथेच निघते, आणि दुरुस्ती सगळ्यात महाग तिथेच पडते, कारण त्यासाठी चांगली टाइल फोडावी लागते.

बाथरूमपासून सुरुवात करा. बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्याला सन्क म्हणतात. त्यात वॉटरप्रूफिंग, पाइप, विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर टाइल. उतार १:८० ते १:१०० हवा, म्हणजे दर मीटरला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर. अर्धी बादली पाणी दरवाज्यापाशी ओता, दहा मिनिटे थांबा. पाणी कमोडच्या मागे किंवा उंबऱ्यापाशी साचून राहिले तर उतार चुकला आहे आणि तो टाइल काढल्याशिवाय सुधारत नाही. बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा खाली आहे ना आणि उंबऱ्याची ग्रॅनाइट पट्टी कडेने बंद आहे ना, हेही पाहा.

मग पाणी साठवून बघायची चाचणी. नहाणी ट्रॅपचे, म्हणजे जाळीखालच्या पाणी जाण्याच्या वाटेचे, तोंड प्लगने किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बंद करा, इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळी आखा आणि २४ तासांनी पाहा. पातळी किंचित उतरणारच. खरी परीक्षा खालच्या फ्लॅटच्या छताची. इथे एक गोम आहे. टाइलच्या सांध्यातून झिरपलेले पाणी आधी कोब्यात साठते आणि खालच्या छतावर यायला त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. त्यामुळे एका दिवसात काही दिसले नाही म्हणजे वॉटरप्रूफिंग पक्के आहे असे नव्हे. म्हणून बिल्डरकडे टाइल लावण्याआधीच्या चाचणीची नोंद मागा: सन्कमध्ये किती तास पाणी भरून ठेवले होते, कोणत्या तारखेला, फोटो आहेत का. व्यवस्थित काम करणारे ४८ ते ७२ तास भरून ठेवतात आणि त्यांच्याकडे फोटो असतात.

बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमची भिंत खाली वाकून पाहा. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे, पांढरा लोणा, स्कर्टिंगच्या वरच्या कडेला फुगलेली पुट्टी दिसली, तर सन्कमध्ये साठलेले पाणी आडवे भिंतीत शिरते आहे. नव्या इमारतीतही हे सापडते, कारण सॅम्पल फ्लॅट किंवा कामगारांच्या वापरासाठी काही बाथरूम आधीपासून चालू असतात.

खिडक्यांमध्ये पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू आधी पाहा. पावसाळी वारा तिकडून येतो. सरकत्या ॲल्युमिनिअम खिडकीच्या खालच्या पट्टीत मगभर पाणी ओता. ते बारीक भोकांतून बाहेरच्या बाजूला पडले पाहिजे. भोकेच नसतील, सिमेंटने बुजली असतील किंवा सिलचा दगड आतल्या बाजूला कललेला असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी गादीवर येणार. फ्रेम आणि भिंत यांच्यातली सिलिकॉनची रेघ कुठे तुटली आहे का, तेही बोट फिरवून पाहा.

नळ तपासताना सगळे एकदम सोडा आणि तेवढ्यात फ्लश दाबा. वरच्या मजल्यांवर दाब कुठे मरतो ते कळते. डावीकडे गरम, उजवीकडे थंड अशी जोडणी उलटी झालेली वारंवार आढळते. किचन सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली बॅटरी मारून सांधे पाहा. बाथरूममध्ये गटाराचा वास येत असेल तर लगेच घाबरू नका: बंद फ्लॅटमध्ये ट्रॅपमधले पाणी सुकते. दोन तांबे पाणी ओता. तासाभराने वास गेला नाही तर मग ट्रॅपच चुकीचा बसवला आहे.

थर्मल कॅमेऱ्याने सगळे दिसते म्हणतात. खरे का?

तो पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. ओल्या जागेतून बाष्पीभवन होते, ती जागा थंड राहते, म्हणून निळा डाग दिसतो. पण एसीची हवा लागलेली भिंत, सावलीतला कोपरा आणि आतला काँक्रीटचा कॉलमही तसाच निळा दिसू शकतो. म्हणून डाग दिसला की तिथे मॉइश्चर मीटर टेकवायचा. त्या मीटरचेही तेच: बहुतेक मीटर लाकडासाठी बनलेले असतात, प्लास्टरवरचा त्यांचा आकडा तुलनेपुरताच. घरातल्या खात्रीच्या कोरड्या भिंतीवर आधी आकडा घ्या, मग संशयित जागी. लोणा धरलेल्या भिंतीवर तो कोरडी असतानाही चढा येतो. नुसत्या रंगीत फोटोंनी भरलेला आणि मीटरचे आकडे नसलेला अहवाल दिसायला भारी, कामाला हलका.

भिंतीला भेगा आहेत. घाबरायचे कशाला आणि कशाला नाही?

भेगेची रुंदी, दिशा आणि ती कोणत्या घटकावर आहे, या तीन गोष्टी पाहा.

केसासारख्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या भेगा प्लास्टरच्या असतात. प्लास्टरला पाणी कमी मारले किंवा सिमेंट जास्त झाले की त्या येतात. पुट्टी-रंगाने झाकल्या जातात, त्रास नाही.

बीमच्या खाली आडवी सरळ रेघ, किंवा कॉलमच्या कडेने उभी सरळ रेघ: काँक्रीट आणि वीट किंवा ब्लॉक यांच्या सांध्यावर जाळी न मारता प्लास्टर केले आहे. दोन्ही वस्तू उन्हाने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि सांधा उघडतो. आतल्या भिंतीवर असेल तर दिसण्याचा प्रश्न, बाहेरच्या भिंतीवर असेल तर पाण्याचा. दुरुस्ती म्हणजे नुसती पुट्टी नव्हे: सांधा व्ही आकारात खोलून, भरून, वर फायबरची पट्टी लावून मग फिनिशिंग.

खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग बहुधा लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) भिंतीत पुरेसे आत न गेल्यामुळे येते. ती यादीत टाका.

भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी किंवा ४५ अंशांत तिरपी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र थांबून पाहावी. पाया कुठेतरी बसत असल्याची ती खूण असू शकते. तशीच भेग खालच्या-वरच्या मजल्यावर त्याच जागी आहे का, ते बघा.

आणि बीम, कॉलम किंवा स्लॅबच्या तळाशी सळईच्या रेषेत धावणारी भेग, तिच्या कडेला तांबूस डाग. हे गंजण्याचे लक्षण. लोखंड गंजले की त्याचे आकारमान मूळच्या दुपटीहून जास्त होते आणि ते आतून काँक्रीट फोडते. नव्या इमारतीत हे दिसले तर सळईवरचे काँक्रीटचे आवरण कमी पडले आहे. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका. काँक्रीटवरच्या भेगेची रुंदी भारतीय मानक ४५६ मध्ये साधारण परिस्थितीसाठी ०.३ मिलिमीटरपर्यंत धरली आहे, ओलसर जागी ०.२. ती मोजायला पारदर्शक क्रॅक गेज मिळतो. नुसत्या नजरेने अंदाज करू नका.

मायवान पद्धतीच्या इमारतीत काही वेगळे पाहायचे का?

हो. ॲल्युमिनिअमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले असतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक भिंत काँक्रीटची. विटांचे सांधेच नसल्याने भेगा कमी दिसतात. पण साचे बांधायला वापरलेल्या टायची भोके बाहेरच्या भिंतीत नीट बुजवली नसतील तर रांगेत, सारख्या अंतरावर ओलीचे ठिपके उठतात. हे ओळखायला सोपे. दुसरे म्हणजे वायरिंगचे पाइप काँक्रीटमध्येच गाडलेले असतात. नंतर एक सॉकेट हलवायचे म्हटले तरी झिरी मारता येत नाही आणि भिंत तोडायला तर अजिबात परवानगी नसते. बेड, टीव्ही, अक्वागार्ड, वॉशिंग मशीन कुठे ठेवणार ते ताब्याआधीच ठरवून पॉइंट मोजा.

टाइल पोकळ वाजते. बदलून मागावी का?

हातोडीने प्रत्येक टाइलचे चार कोपरे आणि मध्य ठोका. भरीव टाइल ‘टक’ वाजते, पोकळ ‘ठब’. कोपऱ्यातली रुपयाएवढी पोकळी सोडून द्या. मध्यभागी पोकळ असेल किंवा पाव टाइलहून जास्त भाग वाजत असेल तर खडूने फुली मारा आणि बदलून मागा, विशेषतः ओट्यापुढे आणि पलंगाच्या पायाखाली जिथे वजन येणार तिथे.

असे का होते? भिंतीवर टाइल लावताना मागे पूर्ण मसाला पसरण्याऐवजी पाच ठिकाणी गोळे ठेवून दाबायची घाई. आणि व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती नीट धरत नाही. तिला टाइल ॲडेसिव्ह लागते. बदलून मागताना त्याच बॅचची टाइल आहे का ते विचारा. छटा वेगळी आली की नवे दुखणे. चार-सहा जादा टाइल्स मागून माळ्यावर ठेवा. बिल्डरकडे त्या पडून असतात.

विजेचे काय तपासायचे?

सॉकेट टेस्टर प्रत्येक पॉइंटमध्ये लावा. फेज-न्यूट्रल उलटे आणि अर्थिंग तुटलेले, हे दोन दोष त्यात लगेच कळतात. पण दिवा लागला म्हणजे अर्थिंग चांगले आहे असे होत नाही. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्ही २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत.

डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना? त्याचे टेस्ट बटण दाबा. घर बंद पडले पाहिजे. एमसीबी एकेक पाडून कोणत्या खोलीचा कोणता, ते लिहून ठेवा. वायरची जाडी दिव्यांना १.५, पॉवर सॉकेटला २.५ आणि एसी-गिझरला ४ चौरस मिलिमीटर, हे साधारण ठोकताळे. एकदोन स्विचबोर्ड उघडून वायरवरचे छापील आकडे वाचा. किचनमध्ये १६ अँपिअरचे किती पॉइंट आहेत ते मोजा. फ्रिज, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, मिक्सर आणि पाण्याचे मशीन एवढे तरी हवेतच.

दारे-खिडक्यांना फार वेळ देऊ नका. दार अर्धे उघडून सोडा, आपोआप हलले तर चौकट ओळंब्यात नाही. बाल्कनीचा कठडा किमान एक मीटर उंच हवा. धरून हलवून पाहा.

कार्पेट एरिया कमी निघाला तर?

रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात आतल्या पार्टिशन भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. त्यामुळे नुसत्या खोल्यांची लांबी-रुंदी गुणून बेरीज केली तर आकडा कमीच येईल. भिंतींची जाडी त्यात मिळवा. बऱ्याच करारांत मोजमाप प्लास्टरआधीचे असल्याचे लिहिलेले असते, तेही वाचा.

आदर्श करारनाम्यात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. करारात ६२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६६७ चौरस फूट लिहिले असतील, तर १.८६ चौरस मीटर म्हणजे साधारण २० चौरस फूट इकडेतिकडे. त्याहून कमी भरला तर जादा घेतलेली रक्कम बिल्डरने ४५ दिवसांत व्याजासह परत करायची असते.

दोषांची यादी द्यायची कशी? ताबा पावतीवर ‘काही तक्रार नाही’ असे छापलेले असते.

यादी खोलीवार करा आणि प्रत्येक ओळीत जागा, दोष, अपेक्षित दुरुस्ती आणि फोटो क्रमांक लिहा. ‘बाथरूम खराब’ असे लिहिले तर सुपरवायझर पांढरे सिमेंट फासून ‘झाले’ म्हणतो. ‘कॉमन बाथरूम, कमोडच्या डाव्या बाजूला, ४० बाय ३० सेंटिमीटर भागात पाणी साचते, टाइल काढून उतार पुन्हा करणे’ असे लिहा. ईमेल करा, शिवाय रजिस्टर एडीने पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो ही तक्रार नव्हे.

छापील ओळीखाली हाताने लिहा: ‘सोबतच्या अमुक तारखेच्या दोषयादीच्या अधीन राहून ताबा घेत आहे’, आणि मग सही. लिहू देत नसतील तर सही त्या दिवशी करू नका.

ताबा घेतल्यावर दोष निघाला तर?

रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा सेवासुविधांमधला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाईसाठी महारेराकडे जाता येते. लेखी तारीख इथेच उपयोगी पडते.

यातली पाचर बहुतेकांना उशिरा कळते. आदर्श करारनाम्यातच अट आहे की बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय फ्लॅटमध्ये फेरफार केले तर ही जबाबदारी संपते. ताबा मिळताच इंटिरिअरवाला बाथरूमची टाइल उखडतो, नवा डायव्हर्टर बसवतो, आणि सहा महिन्यांनी खालचा मजला ठिबकू लागला की बिल्डर हसत तो कलम दाखवतो. बाथरूम आणि ड्राय बाल्कनीला शक्यतो हात लावू नका. लावायचाच असेल तर आधी परवानगी.

रिसेल फ्लॅटमध्ये मालक काय लपवू शकतो?

फक्त एकाच भिंतीला नवा रंग, फक्त बाथरूमलाच नवे फॉल्स सीलिंग, बाहेरच्या भिंतीवर पीव्हीसी पॅनल किंवा भिंतभर कपाट. कपाटे उघडून मागची फळी हाताने चाचपा. सीलिंगमध्ये दिव्याचे भोक असेल तर दिवा काढून आत मोबाइलने फोटो घ्या.

खालच्या मजल्यावर जाऊन घंटी वाजवा. ‘तुमच्याकडे वरून गळते का?’ हा प्रश्न फुकट आहे, आणि उत्तर ‘दोन वर्षे भांडतोय’ असे आले तर ते भांडण फ्लॅटबरोबर तुम्ही विकत घेत आहात. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाची गळती आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. संडास, मोरी, सिंक यांतून होणारी आतली गळती त्या-त्या सदस्याच्या खर्चाने.

सोसायटीच्या ऑफिसात दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड यांची शिल्लक विचारा. उपविधींप्रमाणे हे दरसाल बांधकाम खर्चाच्या अनुक्रमे किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के जमा व्हायला हवेत. बांधकाम खर्च १२ लाख धरला तर फ्लॅटमागे वर्षाला ९,००० आणि ३,००० रुपये. निधी रिकामा आणि बाहेरचे प्लास्टर सुटलेले असेल तर लवकरच प्रत्येक सदस्याकडे मोठी वर्गणी मागितली जाणार. त्याच फेरीत लिफ्टचा परवाना आणि अग्निशमन यंत्रणेचे फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) पाहून घ्या. ते दर जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते.

इमारत तीस-पस्तीस वर्षांची आहे. घ्यावी का?

स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल वाचल्याशिवाय उत्तर देता येत नाही. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. ‘झाले आहे, ओके आहे’ यावर थांबू नका, प्रत मागा. मुंबई परिसरात वर्गवारी अशी वाचा: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ.

अहवालात नुसते रिबाउंड हॅमरचे आकडे असतील तर तो अपुरा. हॅमर फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, आणि जुन्या, कार्बोनेशन झालेल्या (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने क्षारधर्म गमावलेल्या) काँक्रीटचा पृष्ठभाग उलट जास्त कठीण वाजतो. जोडीला अल्ट्रासॉनिक चाचणी (आतल्या भेगा-पोकळ्यांसाठी), हाफ-सेल (सळई गंजण्याची शक्यता पाहायला) आणि कार्बोनेशनची चाचणी हवी. शेवटची समजायला सोपी आहे: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन शिंपडतात. गुलाबी झाले तर ते अजून क्षारधर्मी आहे आणि सळईला संरक्षण आहे. रंगच आला नाही आणि तो बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोचला असेल, तर गंजायला वाट मोकळी आहे.

स्वतः पाहायच्या जागा: पार्किंगमधले कॉलम जमिनीपासून दोन फूट, जिन्याखालची बाजू, छज्जे, डक्ट, गच्चीवरच्या टाकीचा तळ. समुद्राजवळ खाऱ्या हवेतले क्लोराइड ही मोडतोड आणखी लवकर घडवून आणते.

रो-हाउस, बंगला किंवा गावाकडचे घर असेल तर?

दख्खनच्या पठारावर काळ्या मातीची चौकशी आधी करा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर दरवर्षी मे महिन्यात उघडणाऱ्या आणि पावसात मिटणाऱ्या भेगा दिसतात. पुट्टी भरलेली जागा पुन्हा फाटली असेल तर संशय पक्का. घराभोवतीची फरशी बाहेरच्या बाजूला उतरती हवी, पन्हाळीचे पाणी पायाशी पडता कामा नये. सेप्टिक टाकी आणि बोअर यांच्यातले अंतर विचारा.

कोकणात कौलारू घर घेताना वाशांची टोके भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. पोकळ लागले तर वाळवी. जांभ्याच्या भिंतीवर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला असेल तर ओल आत कोंडते. खालच्या दोन फुटांत ती दिसून येते.

आम्ही परदेशात आहोत. तपासणीला हजर राहता येणार नाही.

व्हिडिओ कॉलवर पाहा, पण कॉल तपासणाऱ्याचा असू द्या, बिल्डरच्या सेल्सवाल्याचा नको. त्याला आधी नकाशा पाठवा आणि मूळ आकाराचे फोटो मागा, दाबून लहान केलेले नकोत. ताबा घेण्यासाठी नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र देत असाल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या. त्यात ‘दोषयादी देणे व तक्रार दाखल करणे’ हा अधिकार स्पष्ट लिहा. नुसते ‘ताबा घेणे’ लिहिले असेल तर पुढच्या प्रत्येक कागदावर तुमचीच सही लागेल.